ब्रामांते जिना

ब्रामांते जिना : रोममधील व्हॅटिकनच्या बेल्व्हेदेरे प्रासादाला जोडलेला प्रबोधनकालीन मळसूत्री जिना. पोप दुसरा जूल्यस (कार. १५०३–१३) याच्या आज्ञेवरून इटालियन वास्तुशिल्पज्ञ दोनातो ब्रामांते (१४४४–१५१४) याने १५०५ ते १५१२ च्या दरम्यान त्याची रचना केली. काटेकोर अर्थाने हा जिना नव्हे. कारण त्यास पायऱ्या नाहीत. विटांच्या फरसबंदीचा एक सलग चढणमार्ग मधल्या मोकळ्या जागेभोवती वळणे घेत वर जातो आणि त्याची आतील कड स्तंभांच्या चढत्या रांगेने तोललेली आहे. घोड्यावरून वर जाता यावे अशी चढण, मध्यभागी भरीव गाभ्याऐवजी प्रकाशाने भरलेली पोकळी आणि अभिजात रोमन पद्धतीची स्तंभरचना या तीन गोष्टींचा मिलाफ येथे झालेला दिसतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी ब्रामांतेच्या पूर्वीही ठाऊक होत्या. परंतु तिन्ही एकत्र आणून जिन्यास स्वतंत्र वास्तुकृतीचा दर्जा मिळवून देण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते.

पूर्वपीठिका : मळसूत्री जिना हा प्रकार फार प्राचीन आहे. रोममधील सम्राट ट्रेजन याच्या विजयस्तंभाच्या (इ. स. ११३) पोटात १८५ पायऱ्यांचा असा जिना कोरलेला असून अरुंद झरोक्यांतून त्यात उजेड येतो. मध्ययुगीन यूरोपात किल्ले, चर्चचे मनोरे व सरदारांचे वाडे यांत हा प्रकार सर्रास वापरला गेला. त्याची बांधणी सोपी होती. पाचरीच्या आकाराच्या प्रत्येक दगडी पायरीचे रुंद टोक बाहेरील भिंतीत बसवीत आणि अरुंद टोकाला घडविलेली गोल चकती खालच्या पायरीच्या चकतीवर येई. अशा चकत्या एकावर एक चढत गेल्या, की त्यांचाच मध्यस्तंभ तयार होई. थोड्या जागेत पुष्कळ उंची गाठता येणे व थोड्या माणसांनिशी संरक्षण करता येणे, हे या जिन्याचे गुण होत. तथापि तो काळोखी व कोंदट असे. चढणाऱ्यास पुढच्या चार-सहा पायऱ्यांपलीकडे काही दिसत नसे आणि समोरून कोणी आल्यास भिंतीला चिकटून वाट द्यावी लागे. जिना ही केवळ सोय होती. वास्तूच्या सौंदर्यात तिला स्थान नव्हते.

चौदाव्या-पंधराव्या शतकांत ही स्थिती पालटू लागली. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याने पॅरिसच्या लूव्हर राजवाड्यात १३६० नंतरच्या दशकात एक भव्य मळसूत्री जिना बांधविला. तो पुढे नष्ट झाला. व्हेनिसमधील काँतारीनी घराण्याच्या वाड्यास पंधराव्या शतकाच्या अखेरीस कमानींचा एक गोल मनोरा जोडण्यात आला व त्यातून जिना वर नेण्यात आला. या जिन्यास ‘बोव्होलो’ म्हणतात. व्हेनिसच्या बोलीत त्याचा अर्थ गोगलगाय. इटालियन भाषेतही मळसूत्री जिन्यास गोगलगायीचा जिना असेच नाव आहे. अशा प्रयत्नांत जिन्याची बाहेरची भिंत उघडली गेली. मधला गाभा मात्र भरीवच राहिला.

याच सुमारास सैनिकी व राजकीय गरजेतून दुसरा एक प्रकार पुढे आला. उर्बीनो येथील ड्यूकच्या राजवाड्यात फ्रांचेस्को दी जॉर्जो मार्तीनी (१४३९–१५०१) याने घोडेस्वारांसाठी मळसूत्री चढणमार्ग बांधला. फ्रान्समध्ये आंब्वाझ येथील किल्ल्याच्या मोठ्या बुरुजांतूनही घोडे व गाड्या वर नेता येतील असे मार्ग याच शतकाच्या शेवटी तयार झाले. ब्रामांतेचा जन्म उर्बीनोच्या परिसरातील फेर्मीन्यानो या गावचा. त्यामुळे उर्बीनोमधील या रचनेशी त्याचा परिचय असणे स्वाभाविक होते.

प्रयोजन व स्थान : बेल्व्हेदेरे हा मूळचा पोप आठवा इनोसंट (कार. १४८४–९२) याने व्हॅटिकन टेकडीच्या माथ्यावर बांधविलेला विश्रांतिप्रासाद. तो मुख्य राजवाड्यापासून सु. ३०० मी. अंतरावर होता. गादीवर आल्यानंतर दुसऱ्या जूल्यसने हे दोन्ही प्रासाद लांबच लांब सज्जांनी जोडण्याचे काम ब्रामांतेकडे सोपविले. चढत्या उंचीच्या तीन पातळ्यांवर रचलेले विस्तीर्ण बेल्व्हेदेरे प्रांगण या योजनेतून निर्माण झाले. प्रांगणाच्या वरच्या टोकास, जुन्या विश्रांतिप्रासादालगत, पोपने आपल्या संग्रहातील प्राचीन शिल्पांसाठी एक चौक करविला. अपोलोचा प्रसिद्ध पुतळा आणि १५०६ मध्ये रोममधील एका द्राक्षमळ्यात सापडलेला लाओकोऑन शिल्पसमूह ही त्यातील प्रमुख आकर्षणे होती.

या भागात बाहेरून येण्यास पोपच्या निवासातून जाणे आवश्यक ठरू नये, म्हणून स्वतंत्र प्रवेशमार्गाची गरज निर्माण झाली. टेकडीचा पायथा व प्रासादाची पातळी यांत बरीच तफावत होती. सरळ जिना घातला असता तर त्यास फार लांब जागा लागली असती. शिवाय घोडा पायऱ्यांवरून सुखाने चढत नाही. यावर ब्रामांतेने एका चौकोनी बुरुजाच्या आत गोल पोकळी राखून तीतून चढणमार्ग वर नेला. बाहेरून पाहणाऱ्यास साध्या भिंतींचा बुरुज दिसतो. आत शिरल्यावरच स्तंभांचे चक्र दृष्टीस पडते. सुलभता, खासगीपण व प्रतिष्ठा या तिन्ही अपेक्षा येथे एकाच रचनेने पुऱ्या केल्या आहेत.

रचना : चढणमार्गाची बाहेरील बाजू बुरुजाच्या भिंतीला टेकलेली असून आतील बाजू ग्रॅनाइटच्या स्तंभांवर उभी आहे. स्तंभांवरून जाणारी सलग तुळई वरच्या वळणाचा भार घेते. जमिनीच्या विटा मत्स्यकंटकाप्रमाणे, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरप्या ओळींत, बसविलेल्या आहेत. अशा जडणीमुळे खुरांना पकड मिळते. मध्यभागी काहीच नाही आणि हे ‘काहीच नसणे’ हेच या रचनेचे मर्म होय. जुन्या जिन्यात जेथे दगडी गाभा असे, तेथे येथे प्रकाश व दृष्टी यांना वाव मिळाला आहे. खाली उभा असलेला मनुष्य वरच्या सर्व वळणांवरील ये-जा पाहू शकतो. वरून डोकावणाऱ्यास येणारा पाहुणा तळापासून दिसतो, तर मधल्या वळणावर असलेल्यास दोन्हीकडचे दिसते. आगमन ही खासगी क्रिया न राहता तिला समारंभाचे रूप येते.

स्तंभरचनेचा प्रश्न : प्राचीन रोमन वास्तूंत वेगवेगळ्या स्तंभशैली एकावर एक रचण्याचा प्रघात होता. कलोसियममध्ये खालच्या मजल्यावर जाडजूड, त्यावर आयोनिक व त्याहून वर नाजूक कॉरिंथियन असा क्रम आहे. त्यामागील कल्पना अशी, की भार वाहणारे स्तंभ खाली भक्कम असावेत व वर जाताना ते सडपातळ होत जावेत. परंतु तेथे प्रत्येक शैलीचा मजला वेगळा असतो. दोन शैलींच्या मध्ये आडवी तुळई व तिच्यावरील कंगणी असल्यामुळे एक शैली कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते, हे स्पष्ट कळते. मळसूत्री मार्गास मजलेच नसतात. तो आरंभापासून शेवटपर्यंत एकच असतो. मग एका शैलीतून दुसरीत जावयाचे कसे ? शिवाय स्तंभ ओळंब्यात उभा, तर त्याच्या पायाखालची कड व डोक्यावरची तुळई दोन्ही तिरक्या. म्हणजे अभिजात नियमांतील काटकोन येथे नाहीसाच होतो.

ब्रामांतेने या अडचणीतूनच मार्ग काढला. तुळई न तोडता त्याने स्तंभांचे रूप वळणागणिक बदलत नेले. चालणारा मनुष्य नकळत एका शैलीतून दुसरीत जातो. मध्यभागातून वर पाहणाऱ्यास मात्र सर्व शैली एकाच दृष्टिक्षेपात क्रमाने दिसतात. चित्रकार व कलाचरित्रकार जॉर्जो व्हाझारी (१५११–७४) याने डोरिक, आयोनिक व कॉरिंथियन अशा तीन शैली नोंदविल्या आहेत, तर आंद्रेआ पाल्लाद्यो (१५०८–८०) याने संमिश्र शैली धरून चार सांगितल्या आहेत. आधुनिक अभ्यासक सामान्यतः तस्कन, डोरिक, आयोनिक व संमिश्र असा क्रम मानतात. नावांविषयीचा हा मतभेद सूचक आहे. ब्रामांतेला नियमांचे नमुने मांडावयाचे नव्हते, तर जडत्वाकडून हलकेपणाकडे होणारे संक्रमण अखंड ठेवावयाचे होते. रोममधील मोंतोरिओच्या सेंट पीटर मठाच्या आवारातील त्याच्या ‘तेंप्येत्तो’ या छोट्या मंदिरात (१५०२) सोळा स्तंभांचे एक स्थिर वर्तुळ आहे. तेच वर्तुळ बेल्व्हेदेरेमध्ये जमिनीवरून सुटून वर चढू लागले, असे म्हणता येईल.

तिरक्या कडेवर अभिजात स्तंभ कसा उभारावा, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. स्पॅनिश विद्वान ह्वान कारामुएल याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वास्तुकलाविषयक ग्रंथात ‘तिरप्या वास्तुकले’ची स्वतंत्र मीमांसा केली व चढावरील घटकही चढाप्रमाणे तिरपे घडवावेत, असा आग्रह धरला.

उगमाविषयीची मते : मधल्या पोकळीची कल्पना ब्रामांतेला कोठून मिळाली, याविषयी सोळाव्या शतकातच दोन मते होती. व्हाझारीच्या मते तिचे मूळ पीसा येथील सेंट निकोलसच्या चर्चच्या घंटाघरात आहे. हा मनोरा बाहेरून अष्टकोनी व आतून गोल असून त्यात मोकळ्या मध्यभागाभोवती चढणाऱ्या पायऱ्या व त्यांच्या आतील कडेला स्तंभ आणि चढत्या कमानी आहेत. खालच्यास वरचे व वरच्यास खालचे लोक दिसतात, हा त्याचा गुण व्हाझारीने मुद्दाम वर्णिला आहे. ब्रामांतेने हीच कल्पना अधिक सुधारलेल्या रीतीने बेल्व्हेदेरेमध्ये वापरली, असे तो सांगतो. या मनोऱ्याचे कर्तृत्व त्याने शिल्पकार नीकोला पीसानो याच्याकडे दिले होते; ते आज सर्वमान्य नाही. पाल्लाद्यो मात्र ब्रामांतेच्या प्रेरणेचा संबंध रोममधील पाँपीच्या सज्जांच्या अवशेषांतील स्तंभयुक्त जिन्यांशी जोडतो. एकाने मध्ययुगीन टस्कनीकडे, तर दुसऱ्याने प्राचीन रोमकडे बोट दाखवावे, यात प्रबोधनकालाचे दुहेरी स्वरूप प्रकट होते. कारागिरांच्या परंपरेतून आलेली युक्ती आणि प्राचीनांच्या अभ्यासातून आलेली शिस्त यांची सांगड घालणे, हेच त्या काळातील श्रेष्ठ वास्तुशिल्पज्ञांचे वैशिष्ट्य होते. यांतील कोणतेही मत ग्राह्य धरले, तरी ब्रामांतेच्या कर्तृत्वास बाध येत नाही.

प्रभाव : या जिन्याची हुबेहूब नक्कल क्वचितच झाली. त्याच्यात एकत्र आलेली तीन सूत्रे पुढच्या पिढ्यांनी सुटी करून आपापल्या गरजेप्रमाणे वापरली.

चढणमार्गाचे सूत्र सर्वांत प्रथम उचलले, ते धाकटा आंतोन्यो दा सांगाल्लो (१४८४–१५४६) याने. तरुणपणी त्याने ब्रामांतेच्या हाताखाली काम केले होते. १५२७ मध्ये शाही सैन्याने रोमची लूट केली, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट याने ऑर्व्येतो या डोंगरमाथ्यावरील नगरात आश्रय घेतला. वेढा पडल्यास पाण्यावाचून नगर पडेल, या भीतीने त्याने सांगाल्लोकडून एक खोल विहीर खोदविण्यास घेतली. ती तिसऱ्या पॉलच्या कारकीर्दीत १५३७ मध्ये पुरी झाली व पुढे सेंट पॅट्रिकची विहीर या नावाने प्रसिद्धीस आली. सु. ५३ मी. खोल व १३ मी. रुंद अशा या विहिरीच्या भिंतीतून दोन मळसूत्री मार्ग एकमेकांना न मिळता खाली जातात. प्रत्येकास २४८ रुंद व बुटक्या पायऱ्या आहेत. पखाली वाहणारी जनावरे एका मार्गाने उतरत, तळाशी पूल ओलांडून पाणी घेत व दुसऱ्या मार्गाने वर येत. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या सु. ७० खिडक्यांतून मार्गांवर उजेड येतो. बेल्व्हेदेरेचे स्तंभ व त्यांची प्रतिष्ठा येथे गळून पडली आणि जिवावरच्या गरजेतून एक निव्वळ उपयुक्त वास्तू उभी राहिली. व्हाझारीनेही पीसा, बेल्व्हेदेरे व ऑर्व्येतो यांची एकच परंपरा मानली आहे.

स्तंभांचे सूत्र जाकोमो दा व्हीन्योला (१५०७–७३) याने विकसित केले. कार्डिनल आलेस्सांद्रो फार्नेसे याच्यासाठी काप्रारोला येथे त्याने १५५९ पासून बांधलेल्या पंचकोनी प्रासादात ‘राजजिना’ नावाचा मळसूत्री जिना आहे. तेथे स्तंभ एकेकटे नसून जोडीने उभे आहेत आणि तळापासून वरपर्यंत एकच स्तंभशैली ठेवलेली आहे. म्हणजे शैली बदलण्याचा प्रश्न व्हीन्योलाने टाळला. चढणमार्गाऐवजी सुखद उंचीच्या पायऱ्या योजून त्याने घोड्यांचा रस्ता माणसांच्या दालनात रूपांतरित केला. त्याच्या भिंतींवर आंतोन्यो तेंपेस्ता याने भित्तिचित्रे रंगविली आहेत. पुढे ओत्ताव्यानो मास्केरीनो याने रोमच्या क्वीरिनाल प्रासादात (१५८३–८५) वर्तुळाऐवजी लंबवर्तुळाकृती आराखडा स्वीकारला. सतराव्या शतकात फ्रांचेस्को बोर्रोमीनी (१५९९–१६६७) याने बार्बेरीनी प्रासादातील जिन्यात हाच आकार व जोडस्तंभ वापरले. अशा रीतीने ब्रामांतेचे शांत वर्तुळ बरोक शैलीच्या ताणलेल्या, गतिमान आकारात परिणत झाले.

मोकळ्या मध्यभागाचे सूत्र सर्वांत दूरवर गेले आणि ते ग्रंथांच्या द्वारे गेले. पाल्लाद्योने १५७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वास्तुकलेवरील चार खंडांच्या ग्रंथात जिन्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मध्यभागी पोकळ असलेले जिने त्याला विशेष पसंत होते. त्यांना वरून प्रकाश मिळतो आणि चढणारे व वर असलेले लोक एकमेकांस पाहू शकतात, अशी कारणे त्याने दिली आहेत. व्हेनिसमधील कारिता मठात त्याने स्वतः बांधलेल्या लंबवर्तुळाकृती जिन्यात आतील स्तंभही नाहीत. पायऱ्यांचे एक टोक भिंतीत रोवलेले असून दुसरे पोकळीवर अधांतरी आहे आणि प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकते. इंग्लिश वास्तुशिल्पज्ञ इनिगो जोन्स (१५७३–१६५२) याने १६१३-१४ मध्ये इटलीत प्रवास करून पाल्लाद्योच्या ग्रंथाचा सूक्ष्म अभ्यास केला. ग्रिनिच येथील ‘क्वीन्स हाउस’मध्ये (१६१६–३५) त्याने बांधलेला ‘ट्यूलिप जिना’ हा ब्रिटनमधील या पद्धतीचा पहिला अधांतरी जिना मानला जातो. बेल्व्हेदेरेमध्ये गाभ्याची जागा स्तंभांनी घेतली. व्हेनिस व ग्रिनिच येथे स्तंभांचीही गरज उरली नाही.

शांबॉरशी तुलना : फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने १५१९ मध्ये आरंभिलेल्या शांबॉर प्रासादातील दुहेरी मळसूत्री जिना प्रबोधनकालातील दुसरी विख्यात रचना होय. त्यात दोन जिने एकमेकांत गुंफलेले असून एकाने चढणारा व दुसऱ्याने उतरणारा यांची वाटेत गाठ पडत नाही; खिडक्यांतून मात्र ते परस्परांस दिसू शकतात. या रचनेचा संबंध पुष्कळदा लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) याच्याशी जोडतात. त्याच्या टिपणवह्यांत अनेकपदरी जिन्यांची रेखाटने आहेत. मिलानमध्ये तो व ब्रामांते एकाच दरबारी होते आणि १५१३ ते १५१६ या काळात लिओनार्दोचा मुक्काम बेल्व्हेदेरेमध्येच होता. तथापि दोन्ही जिन्यांचे गाभ्याविषयीचे धोरण भिन्न आहे. शांबॉरमध्ये मध्ययुगीन गाभा झरोके पाडून पोकळ केला आहे, पण तो उभाच आहे. बेल्व्हेदेरेमध्ये तो समूळ काढून टाकला आहे. शांबॉरचा जिना प्रासादाच्या मध्यावर केंद्रस्थानी उभा असून त्याच्याभोवती दालने मांडलेली आहेत. याउलट ब्रामांतेचा जिना स्वतःच एक दालन असून त्यास त्याच्या पोकळीमुळे केंद्र लाभले आहे. शांबॉरमध्ये चार जिने आहेत, असे पाल्लाद्योने लिहून ठेवले. यावरून प्रत्यक्ष न पाहिलेल्या वास्तूंची कीर्तीही त्या काळी कशी पसरत व वाढत असे, याची कल्पना येते.

विसाव्या शतकातील पुनरावतार : १९२९ च्या लॅटरन करारानंतर व्हॅटिकन हे स्वतंत्र राज्य झाले. इटलीच्या भूमीवरून वस्तुसंग्रहालयात थेट येता यावे, म्हणून अकराव्या पायसच्या कारकीर्दीत नवे प्रवेशद्वार बांधण्यात आले. तेथील मळसूत्री मार्ग जुझेप्पे मोमो (१८७५–१९४०) याने १९३२ मध्ये पूर्ण केला. चढणाऱ्यांचा व उतरणाऱ्यांचा ओघ वेगळा राहावा म्हणून तो दुहेरी केला असून वर विस्तीर्ण काचेचे छत आहे. त्याच्या धातूच्या कठड्यावर शिल्पांकन आहे. २००० नंतर संग्रहालयाचे प्रवेशद्वार बदलले व हा मार्ग बाहेर पडण्यासाठी वापरला जाऊ लागला. छायाचित्रांतून व पर्यटकांच्या तोंडी यालाच ‘ब्रामांते जिना’ म्हटले जाते. मूळ जिना सर्वसामान्य दर्शनमार्गावर नसल्यामुळे हा घोटाळा अधिकच रूढ झाला आहे. दोहोंत सव्वाचारशे वर्षांचे अंतर असून रचनाही भिन्न आहे. मोमोच्या मार्गात ब्रामांतेची चढती स्तंभमालिका नाही. परंतु दोहोंचे प्रयोजन मात्र विलक्षण जुळते : पोपच्या निवासास वळसा घालून बाहेरच्या लोकांना प्राचीन शिल्पांपर्यंत नेणे.

मूल्यमापन : ब्रामांतेची कीर्ती मुख्यतः सेंट पीटर चर्चच्या आराखड्यावर आधारलेली आहे, पण तो आराखडा त्याच्या मृत्यूनंतर अनेक हातांनी बदलला. बेल्व्हेदेरेच्या प्रांगणातही सोळाव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथालयाची आडवी इमारत उभी राहिली आणि त्याची मूळ दृश्यरेषा खंडित झाली. या पार्श्वभूमीवर लहानशा बुरुजात सुरक्षित राहिलेल्या या जिन्याचे मोल वाढते. मध्ययुगीन जिना चढणाऱ्याला लपवीत असे; ब्रामांतेने त्यास दृश्यमान केले. गती, प्रकाश व प्रमाण यांचा एकत्रित अनुभव देणारी जागा म्हणून जिन्याकडे पाहण्याची दृष्टी यूरोपीय वास्तुकलेस मुख्यतः या वास्तूपासून लाभली आणि पुढील काळातील प्रासाद, संग्रहालये व सार्वजनिक इमारती यांतील जिना-दालनांनी तीच दृष्टी पुढे चालविली.